गचका कुठून आला

आमच्या छापखान्याच्या बसचे ड्रायव्हर मूळचे गचके नव्हते. आधी त्यांना सगळे अलगदराव म्हणायचे. हे नाव मुद्रितशोधन खात्यातल्या बायकांनी ठेवलं होतं, आणि अगदी मनापासून ठेवलं होतं. शहराबाहेरच्या छापखान्यापर्यंतचा रस्ता काही गुळगुळीत नव्हता, पण ते गाडी अशी न्यायचे की शिलाई खात्याच्या मुकादमबाई रोज चालत्या बसमध्ये डोळ्यांत काजळ घालायच्या. घरी आरशापुढे हात हलतो, बसमध्ये हलत नाही, असं त्या सांगायच्या.

मी बांधणी खात्यात. माझी जागा ड्रायव्हरच्या बरोबर मागे, त्यामुळे इतकी वर्षं मी त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची मानच जास्त पाहिली. राग आला की ती मान आधी ताठ व्हायची आणि मग कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. नंतर जे झालं त्यातलं बरंचसं मी त्या मानेवरूनच ओळखलं. बाकीचं वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढे सावकाश सांगितलं.

माणूस सज्जन, पण स्वभाव संशयी. पेपरवाल्याने पेपर दिला की आधी तारीख बघणार. कुणी डबा पुढे केला की विचारणार, आज काय विशेष? एकदा मालकांनी त्यांच्या गाडी चालवण्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तर हे आठवडाभर अस्वस्थ. मला म्हणाले, उगाच कोण कुणाची पाठ थोपटत नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. वहिनी म्हणायच्या, "यांना देव भेटला तरी आधी ओळखपत्र मागतील."

तर एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी एकदम पुढे उसळली आणि तशीच करकचून थांबली. सगळे पुढच्या बाकांवर आपटलो. मुकादमबाईंचं काजळ डोळ्यातून निघालं ते थेट कानापर्यंत गेलं. आम्ही हसलो, त्याही हसल्या. अलगदराव मात्र वळले नाहीत. कुत्रं आडवं आलं, एवढंच म्हणाले. मी खिडकीशी होतो. मला कुत्रं दिसलं नव्हतं, पण म्हटलं, असेल.

दोन-चार दिवसांत पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. या वेळी कुत्र्याचं नाव निघालं नाही. त्यांनी डिझेलला नाव ठेवलं, मग फिल्टरला, मग क्लचला. गॅरेजमध्ये गाडी दोनदा उघडून झाली आणि दोन्ही वेळा काहीच निघालं नाही. तिथून त्यांचा संशय यंत्रावरून माणसावर सरकला.

छापखान्याच्या गाड्या ज्या गॅरेजकडे होत्या ते त्यांच्याच मेहुण्याचं, वहिनींच्या धाकट्या भावाचं. त्याला एक जावई होता, मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याच्याकडे मोठी गाडी चालवण्याचं लायसन्स होतं आणि नोकरी नव्हती. अलगदरावांनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. गाडी बिघडवायची, ड्रायव्हरला बदनाम करायचं, आणि खुर्ची रिकामी झाली की जावयाला चिकटवायचं. मला जेवणाच्या सुट्टीत हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. मी म्हटलं, अहो, सख्खा मेहुणा असं करेल का? ते म्हणाले, घरचा भेदी असल्याशिवाय लंका जळत नाही.

मग त्यांनी पाळत सुरू केली. ब्रेकच्या आणि क्लचच्या जोडांवरच्या नटांवर खडूने बारीक रेघा ओढून ठेवल्या, कुणी नट फिरवला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. बॉनेटच्या फटीत दोरा अडकवला. गाडीची किल्ली छापखान्यात खिळ्याला टांगायची पद्धत होती, ती ते घरी न्यायला लागले. रोज सकाळी गाडीखाली शिरून रेघा बघायचे. रेघा जागच्या जागी, दोरा जागच्या जागी, आणि त्याच दिवशी गाडी उसळायची. दुसऱ्या कुणी यावरून काही वेगळं ताडलं असतं. यांनी ताडलं की मेहुणा फारच हुशार आहे, ताकास तूर लागू देत नाही.

घरातही तेच सुरू झालं. वहिनी मधूनच विचारायच्या, पायात मुंग्या येतात का, झोप नीट लागते का. आजवर न विचारलेले प्रश्न आता का, म्हणून ते सावध झाले. एका रविवारी मेहुणा घरी आला होता. हे आंघोळ करून बाहेर आले तर बहीण-भाऊ स्वयंपाकघरात डोकी जवळ आणून बोलत होते. यांची चाहूल लागताच दोघं गप्प झाले. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं, मेहुणा उगाचच नळ दुरुस्त करायला बसला. पण त्या आधी यांच्या कानावर एक शब्द पडला होता. गचका.

दुसऱ्या दिवशी तोच शब्द त्यांना बसमध्ये ऐकू आला.

मुद्रितशोधन खात्यात तेव्हा एका मोठ्या शब्दकोशाचं काम चालू होतं. ते ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही कोशबाई म्हणायचो. केस पांढरे, चष्मा जाड, आणि सवय अशी की कुणी साधं बोललं तरी त्यातला एक शब्द उचलून त्याच्या मागे लागायच्या. मागच्या बाकांवर त्यांच्या सहकारिणींचा वाद रंगला होता. एक म्हणत होती, काल काय धक्का बसला! दुसरी म्हणाली, धक्का कसला, हिसका होता. कोशबाईंनी निकाल दिला. धक्का बाहेरून लागतो, कुणीतरी लावावा लागतो. हिसका ओढल्याने बसतो. हेलकावा डावी-उजवीकडे असतो, त्यात झोपही येते. आपल्या बसला बसतो तो गचका.

बायका हसल्या. अलगदरावांची मान ताठ झाली.

शब्दाला पाय फुटले. आठवड्याभरात यंत्रखात्यातली पोरं त्यांना गचके म्हणायला लागली, मग गचकेसाहेब. मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने ते नाव लिहिलं. ऐकायला ते एखाद्या भरदार आडनावासारखंच लागायचं, त्यामुळे नव्या कामगारांना शंकाही यायची नाही. काच त्यांनी स्वतः पुसली. पण तेव्हापासून गाडी का उसळते यापेक्षा हा शब्द कुणी काढला, याचाच त्यांना ध्यास लागला. स्वयंपाकघरात जो शब्द त्यांनी ऐकला तोच बसमध्ये कसा आला? म्हणजे गॅरेज, घर आणि छापखाना, सगळे एक आहेत. ते एकेकाला बाजूला घेऊन विचारायला लागले, तुम्ही हा शब्द कुणाकडून ऐकला? मलाही विचारलं. मी म्हटलं, मागच्या बाकांवरून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागलं.

या सगळ्यात एक दिवस मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाजाराच्या वळणावर गाडी हळू झाली होती. पुढे भाजीची हातगाडी, तिच्यामागे भाजीवाली, पाठमोरी. आणि गाडी उसळली. त्यांनी ब्रेक दाबला, पण तेवढ्यात हातगाडी आडवी झाली होती आणि तिचं चाक दुमडलं होतं. भाजीवाली वाचली, कारण ती नेमकी त्याच क्षणी खाली पडलेली जुडी उचलायला बाजूला वाकली होती. ती नुसती उभी राहून आमच्या बसकडे बघत राहिली. अलगदराव खाली उतरले, हातगाडी उचलली, सांडलेले बटाटे गुडघ्यांवर बसून गोळा केले. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल नव्हत्या, पांढऱ्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस गाडी चालवणं थांबवेल. पण घाबरल्यावर काही माणसं आणखी जोरात संशय घेतात. ते तसे होते.

त्याच दुपारी त्यांनी कोशबाईंना फाटकापाशी गाठलं. मी बरोबर होतो, कारण साक्षीदार हवा म्हणून त्यांनी मला ओढून नेलं होतं.

"बाई, तो शब्द तुम्ही काढलात. का काढलात ते सांगा."

कोशबाई घाबरल्या नाहीत. उलट कुणीतरी एकदाचं शब्दाबद्दल विचारतंय म्हणून त्या खुलल्याच. चष्मा पुसत त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सांगायला सुरुवात केली. असे बरेच शब्द आवाजातून येतात, म्हणाल्या. मऊ वस्तूत सुरी घुसली की गच असा आवाज होतो, गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की गचकन बसतं. त्यावरून गचका आला असावा. पण खात्री देता येत नाही. दुसरा एक शब्द आहे आचका, माणूस शेवटच्या घटकेला आचके देतो तो. दोन्ही शब्द एकमेकांचे भाऊ असतील, किंवा नुसते शेजारी असतील. लोक एखादा गेला की गचकला म्हणतात, ते याच्यावरून की त्याच्यावरून, यावर आमच्यातच एकमत नाही.

अलगदरावांनी त्यातलं नेमकं एकच उचललं.

"म्हणजे मी मरायला टेकलोय, असं गावभर सांगताय तुम्ही."

"नाही हो, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आता त्या मास्तरीण राहिल्या नव्हत्या. "मी फक्त तो शब्द बरोबर आहे असं म्हटलं. मी पहिल्यांदा ऐकला तुमच्या मेहुण्याकडून. तो मागच्या महिन्यात इथे गाडी बघायला आला होता. मला विचारत होता, बाई, तुम्ही मागे बसता, तुमच्या लक्षात आलंय का, आधी गाडी गचकते की आधी भावोजींचा पाय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या प्रश्नाने ते हादरतील. ते मात्र विजयाने मान हलवत होते. मेहुण्याचं नाव निघालं, एवढंच त्यांना पुरलं होतं.

संध्याकाळी ते तडक गॅरेजमध्ये गेले. मेहुणा एका ट्रकखाली झोपला होता, फक्त पाय बाहेर. यांनी त्या पायांशीच भांडायला सुरुवात केली. जावयाचं, खडूच्या रेघांचं, कुजबुजीचं, सगळं काढलं. मेहुणा सरकत बाहेर आला आणि त्याने हात पुसले. म्हणाला, "भावोजी, हा शब्द माझा नाही. ताईचा आहे. तिला विचारा."

घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. यांनी दारातूनच विचारलं. त्या घडी घालायच्या थांबल्या नाहीत. हातातला टॉवेल नीट दुमडून ठेवला आणि म्हणाल्या,

"तुमचा पाय झोपेत गचकतो. उजवा. गाडी बिघडायच्या कितीतरी आधीपासून. पांघरूण ओढलं जातं, मला जाग येते. कधी एकदा, कधी लागोपाठ."

"मला कधी कळलं नाही."

"तुम्ही झोपलेले असता."

पुढचं त्यांनी न विचारताच सांगितलं. गाडी पहिल्यांदा उसळली हे कानावर आलं तेव्हाच त्यांना झोपेत उडणारा तो पाय आठवला होता. त्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, गाडी उघड, नीट बघ, काहीतरी दोष काढच. दोष गाडीचाच निघू दे म्हणून त्या वाट बघत होत्या. दोन्ही वेळा तो मान खाली घालून आला. त्या रविवारी स्वयंपाकघरात याचंच बोलणं चाललं होतं, यांना सांगायचं कसं याचं.

आता कुणाचाही विश्वास बसला असता. अलगदराव म्हणाले, "बहीण भावाचीच बाजू घेणार." आणि पाणीही न घेता गच्चीवर जाऊन बसले.

पण आधी गाडी की आधी पाय, हा मेहुण्याचा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नसावा. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी रिकामी बस काढली, मेहुण्याला बोलावलं, वहिनींनाही चला म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनी त्या बसमध्ये पहिल्यांदाच चढत होत्या. इंजिनाच्या उंचवट्याशेजारच्या छोट्या जागेवर त्या पर्स मांडीवर घेऊन बसल्या. अलगदराव मागे, माझ्या जागेवर. आधी मेहुण्याने गाडी चालवायची असं ठरलं होतं. तो छापखान्यापर्यंत जाऊन आला. गाडी एकदाही उसळली नाही. मग यांनी गाडी घेतली. टाकी गेली, बाजार गेला, काही नाही. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत होता, असं वहिनी सांगतात. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात गाडी उसळली आणि करकचून थांबली.

ते पहिल्यांदा मेहुण्यावरच कडाडले. "मी बसायच्या आधी तू काय फिरवलंस?"

वहिनी त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या खाली, पॅडलकडे बघत होत्या, आणि सबंध रस्ताभर त्यांचं लक्ष तिकडेच होतं.

"तुमचाच पाय होता हो," त्या म्हणाल्या. "झोपेत उडतो तसाच उडाला. ॲक्सिलरेटरवर."

अलगदरावांनी आपल्या पायाकडे पाहिलं. वहिनी म्हणतात, त्या नजरेची त्यांना भीती वाटली. इतके दिवस मेहुण्याकडे, कोशबाईंकडे, माझ्याकडे जी नजर होती, तीच आता स्वतःच्या पावलावर होती. साप साप म्हणून सगळीकडची भुई धोपटून झाली होती. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, आणि कुणी मागायच्या आत मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्याने गाडी घरी आणली.

डॉक्टरांवरही त्यांनी आधी संशय घेतलाच. भिंतीवरचं प्रमाणपत्र चष्मा लावून वाचलं. तपासण्या झाल्या, दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा झाल्या. दोघांनी एकच सांगितलं. नसांचा विकार आहे, स्नायूला मध्येच नको तो निरोप जातो आणि पाय आपोआप उडतो. गोळ्यांनी बरंच कमी होईल, पण गाडी यापुढे चालवायची नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मी गचकणार का?"

डॉक्टर म्हणाले, "याने नाही."

दवाखान्यातून दोघं पायीच परतली. वाटेत त्यांनी वहिनींना विचारलं, तू मला सरळ का नाही सांगितलंस? वहिनी म्हणाल्या, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला माझी नोकरी घालवायचीय. थोडं चालून गेल्यावर ते म्हणाले, हो, म्हणालो असतो. त्या दोघांत या विषयावर एवढंच बोलणं झालं. पण दुसऱ्या दिवशी ते एकटे बाजाराच्या वळणावर गेले. भाजीवालीला भेटून त्यांनी सगळं सांगितलं, गाडीत दोष नव्हता, माझ्या पायात होता. तिने आधी संशयानेच ऐकून घेतलं, आणि मग बसायला पोतं पुढे केलं.

बसवर नवा ड्रायव्हर आला. कोण? मेहुण्याचा जावईच. अलगदरावांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मी काय म्हणत होतो?" मला हसूही येईना आणि नाही म्हणताही येईना. मेहुण्याने प्रयत्न केला होता हे खरं, फक्त जागा रिकामी झाल्यानंतर केला होता. जावयाला छापखान्याचा रस्ता शिकवायला मात्र हेच आठवडाभर त्याच्या शेजारी बसले. कुठे गिअर आधी बदलायचा, कुठे रस्ता आतून खचलाय, सगळं सांगितलं. पोरगा बरा आहे, पण अजून मुकादमबाई बसमध्ये काजळ घालत नाहीत.

मालकांनी त्यांना छापखान्यातच ठेवून घेतलं, आमच्या बांधणी खात्यात. शिवलेल्या पुस्तकांत सोळा पानांचा एखादा फर्मा सुटलाय का, एखादा उलटा लागलाय का, हे बघायचं काम. बसून करायचं काम असल्याने पाय उडाला तरी कुणाचं काही बिघडत नाही. सुरुवातीला ते फार गप्प असायचे. मग एकदा माझ्याच हातून सोळा पानं दोनदा लागलेलं पुस्तक त्यांनी पकडलं, आणि माझ्याकडे अगदी जुन्या नजरेने पाहिलं. तेव्हा मला बरं वाटलं. गचके हे नाव काही सुटलं नाही. पोरं आता ते आदराने घेतात आणि तेही ओ देतात. पूर्वीचं नाव मी आणि कोशबाईच वापरतो.

कोशबाईंशी त्यांची नंतर मैत्री झाली, पण ती त्यांच्या पद्धतीची. बाईंनी काहीही सांगितलं की हे विचारतात, कशावरून? बाईंना असा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलाय.

गोळ्या चालू आहेत. औषधवाल्याने पाकीट बदललं की हे गोळी उजेडात धरून बघतात, रंग तोच आहे ना. पाय अधूनमधून उडतोच. परवा जेवणाच्या सुट्टीत आम्ही चहा घेत होतो. टेबलाखाली काहीतरी आपटलं आणि दोघांचेही कप हिंदकळले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आला," आणि टेबलावर सांडलेला चहा पुसून पुढचं पुस्तक उघडलं.